विश्लेषण : धावपटूचे पाय गेल्यावर काय उरते? अबेबे बिकिलाच्या तीन दुखापतींची कहाणी...

पोलीस किंवा सैन्य भरतीची चाहूल लागली की बुलढाणा, चिखली, मेहकर, खामगावची मैदाने आणि गावाबाहेरचे रस्ते पहाटेच जागे होतात. मुले १६०० मीटरची, तर मुली ८०० मीटरची वेळ कमी करण्यासाठी धावतात. यातल्या अनेकांची तयारी एक दिवस नडगीच्या दुखण्यापाशी येऊन अडते. धावणे थांबले की केवळ भरती नाही, तर रोजच्या जगण्याचा आधारच हातून गेल्यासारखे वाटते. ऑलिम्पिक मॅरेथॉन सलग दोनदा जिंकणाऱ्या इथिओपियाच्या अबेबे बिकिलावर अशी वेळ तीनदा आली. तिसऱ्या वेळी तर पाय कायमचे गेले. पण रोममध्ये अनवाणी धावणारा बिकिला जगाच्या लक्षात राहिला आणि त्यानंतरची कहाणी मागे पडली. ती काय होती, याचा हा आढावा.

अबेबे बिकिला कोण होता?

बिकिलाचा जन्म ७ ऑगस्ट १९३२ रोजी इथिओपियाच्या शेवा भागातल्या एका डोंगराळ खेड्यात झाला. योगायोग असा, की त्याच दिवशी लॉस एंजेलिस ऑलिम्पिकची मॅरेथॉन धावली गेली होती. अबेबे हे त्याचे स्वतःचे नाव आणि बिकिला हे वडिलांचे. इथिओपियात आडनावाची पद्धत नाही, पण जगाने वडिलांचेच नाव आडनावासारखे वापरले आणि तेच रूढ झाले. वडील मेंढपाळ होते. तो तीन वर्षांचा असताना मुसोलिनीच्या इटलीने इथिओपियावर आक्रमण केले. १९४१ पर्यंत देश इटलीच्या ताब्यात होता आणि बिकिलाचे बालपण त्याच धामधुमीत गेले.

विशीत तो राजधानी अदिस अबाबाला आला आणि सम्राट हेले सेलासी यांच्या शाही अंगरक्षक दलात शिपाई झाला. धावणे त्याला सापडले ते इथेच. गावातून शहरात आलेला, नोकरीसाठी गणवेश चढवलेला आणि दलाच्या मैदानावर स्वतःच्या पायांतली ताकद कळलेला हा तरुण बुलढाण्याच्या वाचकाला अनोळखी वाटू नये. दलातल्या जवानांना स्वीडिश प्रशिक्षक ओनी निस्कानेन तयार करत होते. त्यांनी बिकिलाची गुणवत्ता ओळखली आणि लांब पल्ल्यासाठी त्याला घडवले.

रोमच्या रात्री काय घडले?

१९६० चे रोम ऑलिम्पिक भारतीयांना आठवते ते मिल्खा सिंग यांच्या ४०० मीटर शर्यतीतल्या चौथ्या क्रमांकामुळे. त्यानंतर चारच दिवसांनी, १० सप्टेंबरला, मॅरेथॉन झाली. उन्हाचा त्रास टाळण्यासाठी ती संध्याकाळी साडेपाच वाजता सुरू झाली आणि अंधारात संपली. ऐतिहासिक आप्पियन मार्गावर सैनिक मशाली धरून उभे होते. शेवट स्टेडियममध्ये नव्हता, तर कॉन्स्टन्टाइनच्या कमानीपाशी होता.

बिकिलाला त्या वेळी इथिओपियाबाहेर कोणी ओळखत नव्हते. तो आणि मोरोक्कोचा र्‍हादी बेन अब्देसलाम हे दोघे बराच काळ बरोबरीने धावत राहिले. शेवटच्या टप्प्यात अक्सुमच्या स्तंभाजवळ बिकिलाने वेग वाढवला. हा स्तंभ मुसोलिनीच्या काळात इथिओपियातून उचलून रोमला आणलेला होता. जिथे आपल्या देशाची लूट उभी होती, तिथूनच त्याने आघाडी घेतली. २ तास १५ मिनिटे १६.२ सेकंदांत त्याने शर्यत जिंकली. मॅरेथॉनमधली ती तेव्हाची जगातली सर्वोत्तम वेळ होती. इथिओपियाला मिळालेले हे पहिले ऑलिम्पिक सुवर्णपदक. तो स्तंभ इटलीने पुढे २००५ मध्ये इथिओपियाला परत केला.

भरतीच्या हिशेबात ही वेळ किती होते?

मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर असते. ढोबळमानाने सांगायचे तर बुलढाण्याहून निघून, राजूर घाट उतरून, मोताळा मागे टाकून मलकापूरच्या अलीकडे पोहोचावे इतके. रोममध्ये बिकिलाचा सरासरी वेग किलोमीटरला ३ मिनिटे १२ सेकंद होता. म्हणजे १६०० मीटरला सुमारे ५ मिनिटे ८ सेकंद. भरतीच्या मैदानावर ही वेळ एकदा देता आली तरी उमेदवार समाधानाने घरी जातो. बिकिला त्याच वेगाने १६०० मीटर एकामागून एक सव्वीस वेळा धावला आणि वर आणखी सुमारे सहाशे मीटर.

तो अनवाणी का धावला?

ही गोष्ट अनेकदा गरिबीची म्हणून सांगितली जाते. ती तशी नाही. बिकिला सरावात बूट घालूनही धावत असे आणि अनवाणीही. रोममध्ये घेतलेले नवे बूट पायाला नीट बसेनात, फोड येऊ लागले. त्यामुळे सवयीच्या, कडक झालेल्या तळव्यांवर भरवसा ठेवून तो बुटांशिवाय उतरला. पुढे टोक्योत तो बूट-मोजे घालूनच जिंकला. मुद्दा अनवाणी असण्याचा नव्हता. आपल्या शरीराला काय सोसते आणि काय सोसत नाही, हे शर्यतीआधी ओळखण्याचा होता. पुढच्या प्रत्येक दुखापतीत हाच प्रश्न त्याच्यासमोर पुन्हा पुन्हा आला.

इथे एक सावधगिरीही हवी. लहानपणापासून अनवाणी चालणाऱ्या-धावणाऱ्या माणसाचे तळवे, पोटऱ्या आणि घोट्याचे स्नायू वेगळे तयार झालेले असतात. आयुष्यभर चप्पल-बूट वापरलेल्या मुलाने एखादी चित्रफीत पाहून दुसऱ्या दिवशी डांबरी रस्त्यावर अनवाणी सराव सुरू केला, तर फायद्यापेक्षा इजाच होण्याची शक्यता अधिक.

पहिले संकट : शस्त्रक्रियेनंतर पाच आठवड्यांत सुवर्ण कसे?

रोमनंतर बिकिला इथिओपियाचा राष्ट्रीय नायक झाला. अथेन्स, ओसाका, कोशित्से अशा मॅरेथॉन त्याने जिंकल्या. १९६३ मध्ये बोस्टनला मात्र तो पाचवा आला. १९६४ च्या टोक्यो ऑलिम्पिकची तयारी सुरू असताना सरावादरम्यान त्याच्या पोटात असह्य दुखू लागले. अपेंडिक्सला सूज आली होती. १६ सप्टेंबरला शस्त्रक्रिया झाली. मॅरेथॉन होती २१ ऑक्टोबरला. हातात होते फक्त ३५ दिवस.

त्या काळी ही शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होत नसे. पोटाचे स्नायू बाजूला करून आत जावे लागे. धावताना धड सरळ ठेवण्याचे काम याच स्नायूंचे. त्यामुळे जखम वरून भरली तरी लांब पल्ल्याचा ताण सहन होईल याची खात्री कोणालाच नव्हती. बिकिलाने रुग्णालयाच्या आवारातच चालणे आणि हलके धावणे सुरू केले. टोक्योला तो पदकाचा दावेदार म्हणून नाही, तर धावू तरी शकेल का, या प्रश्नासह पोहोचला.

शर्यतीत त्याने मध्यापासूनच इतरांना मागे टाकले. २ तास १२ मिनिटे ११.२ सेकंद. पुन्हा जगातली सर्वोत्तम वेळ. दुसऱ्या क्रमांकाचा ब्रिटनचा बेसिल हीटली चार मिनिटांहून अधिक मागे होता. अंतिम रेषा ओलांडल्यावर बिकिला कोसळला नाही. तो मैदानाच्या हिरवळीवर गेला आणि शरीर मोकळे करण्याचे व्यायाम करू लागला. प्रेक्षक थक्क झाले. इथिओपियाच्या राष्ट्रगीताची धून बँडला येत नसल्याने पदक देताना जपानचेच राष्ट्रगीत वाजवले गेले. ऑलिम्पिक मॅरेथॉन दोनदा जिंकणारा तो पहिला धावपटू ठरला. नंतर पूर्व जर्मनीचा वाल्डेमार चिएरपिन्स्की (१९७६ आणि १९८०) आणि केनियाचा एलियुड किपचोगे (२०१६ आणि २०२०) यांनाच ते जमले.

ही पहिली दुखापत पाहताना एक गोष्ट विसरता कामा नये. अपेंडिक्स काढल्यावर मूळ आजार संपतो. उरते ती जखम भरण्याची वाट. पाय, हाडे, सांधे शाबूत होते आणि वर्षानुवर्षांच्या सरावाची शिदोरी गाठीशी होती. म्हणून टोक्यो शक्य झाले. प्रत्येक दुखणे असे नसते, हे त्याला पुढच्या ऑलिम्पिकने शिकवले.

दुसरे संकट : मेक्सिकोत त्याला का थांबावे लागले?

१९६६ पर्यंत बिकिला जिंकत होता. जुलै १९६७ मध्ये स्पेनमधल्या सारौत्स मॅरेथॉनमध्ये त्याच्या मांडीच्या मागचा स्नायू दुखावला आणि शर्यत अर्धवट सोडावी लागली. ही दुखापत पूर्णपणे बरी झालीच नाही. १९६८ मध्ये पायांवरच्या उपचारांसाठी तो जर्मनीलाही गेला. त्यानंतर पुन्हा सराव आणि मेक्सिको सिटी ऑलिम्पिक.

मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे २२४० मीटर उंचीवर आहे. तिथे हवा विरळ असते, श्वासागणिक मिळणारा प्राणवायू कमी पडतो. बुलढाणा शहर साधारण साडेसहाशे मीटरवर आहे, त्यावरून फरकाची कल्पना येईल. पण अदिस अबाबा मेक्सिको सिटीपेक्षाही थोडे उंचच. उंचीवर राहणाऱ्या माणसाच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या तांबड्या पेशी अधिक असतात. त्यामुळे परिस्थिती इथिओपियाच्या धावपटूंना अनुकूल होती. बिकिलाच्या छातीवर पहिल्या क्रमांकाचा बिल्ला होता आणि तिसऱ्या सुवर्णाची चर्चा सुरू होती.

शर्यतीच्या सुमारे आठवडाभर आधी त्याचा डावा पाय दुखू लागला. तपासणीत पोटरीच्या बाहेरच्या बाजूचे बारीक हाड, फिब्युला, मोडल्याचे दिसले. डॉक्टरांनी शर्यतीच्या दिवसापर्यंत पायावर भार न देण्याचा सल्ला दिला. २० ऑक्टोबरला तो उतरला, पण सुमारे सोळा-सतरा किलोमीटरनंतर थांबला. त्याचाच सहकारी मामो वोल्डे पुढे गेला आणि २ तास २० मिनिटे २६.४ सेकंदांत सुवर्णपदक जिंकला. सलग तिसऱ्या ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन इथिओपियाकडे राहिली, फक्त विजेता बदलला. टोक्योतली जिद्द मेक्सिकोतही होती. फरक होता तो दुखापतीत.

धावणाऱ्याच्या हाडाला तडा कसा जातो?

हाड निर्जीव नसते. धावताना प्रत्येक पावलाला त्यावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार पडतो. त्यातून सूक्ष्म झीज होते आणि विश्रांतीच्या वेळेत शरीर ती भरून काढते. सराव हळूहळू वाढवला तर हाड अधिक भक्कम होते. सराव एकदम वाढला, पृष्ठभाग कडक असला, बुटांचा तळ झिजलेला असला, झोप आणि आहार अपुरा असला, तर झीज दुरुस्तीच्या पुढे जाते. मग केसासारखी बारीक भेग पडते. यालाच स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. नडगीचे मोठे हाड आणि त्याच्या शेजारचे फिब्युला, दोन्हींना हा धोका असतो.

भरतीची तयारी करणाऱ्या मुला-मुलींमध्ये नेमके हेच घडते. वर्षभर सराव तुटक असतो, जाहिरात निघाली की दुप्पट होतो. नडगी दुखू लागली तर मलम, पट्टी, वेदनाशामक गोळी आणि पुन्हा मैदान. गोळीने वेदना दबते, भेग भरत नाही. दुखणे नडगीच्या बऱ्याच भागावर पसरलेले असेल आणि विश्रांतीने कमी होत असेल, तर ते बहुधा स्नायू आणि हाडावरच्या आवरणाचे असते. बोट ठेवून एकच जागा दाखवता येत असेल, चालतानाही किंवा रात्रीही दुखत असेल, तर डॉक्टरांकडे जायला हवे. सुरुवातीच्या काही आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये ही भेग अनेकदा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. त्यामुळे एक्स-रे स्वच्छ आला म्हणून लगेच धावायला लागणे धोक्याचे ठरू शकते. सर्वसाधारणपणे सहा ते आठ आठवडे विश्रांती आणि मग टप्प्याटप्प्याने पुनरागमन, हा त्यावरचा मार्ग.

भरतीत वयाची अट असते, संधी मोजक्या असतात, घरचे वाट पाहत असतात. त्यामुळे दोन महिने थांबणे सोपे नसते. पण भेग पडलेल्या हाडावर धावून पूर्ण हाड मोडले तर दोन महिन्यांचे सहा महिने होतात. दोन सुवर्णपदके जिंकलेल्या माणसालाही मेक्सिकोत भर शर्यतीत थांबावे लागले होते.

तिसरे संकट : २२ मार्च १९६९ च्या रात्री काय झाले?

टोक्योच्या विजयानंतर बिकिलाला सम्राटाकडून फोक्सवॅगन बीटल मोटार भेट मिळाली होती. २२ मार्च १९६९ च्या रात्री ती चालवत असताना त्याचा ताबा सुटला आणि मोटार उलटली. तो आत अडकून पडला. सकाळी लोकांना तो सापडला.

मानेपाशी मज्जारज्जूला इजा झाली होती. मज्जारज्जू म्हणजे मेंदूकडून शरीराला आणि शरीराकडून मेंदूला निरोप नेणारी दोरी. ती जिथे दुखावते, त्याखालच्या भागाशी मेंदूचा संपर्क तुटतो. इजा मानेत असेल तर हातही जाऊ शकतात. सुरुवातीला बिकिलाला मानेखाली काहीच हलवता येत नव्हते. आठवडाभरात त्याला विमानाने इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात हलवण्यात आले. तिथे तो आठ महिने होता. इंग्लंडच्या राणी एलिझाबेथ त्याला भेटून गेल्या, जगभरातून शुभेच्छापत्रे आली. उपचारांनी हातांची हालचाल बरीचशी परत मिळाली. पाय मात्र कायमचे गेले. तो अवघा ३६ वर्षांचा होता.

स्टोक मँडेव्हिलमध्ये वेगळे काय होते?

हे रुग्णालय घडवले डॉ. लुडविग गुटमन यांनी. ते जर्मनीतले ज्यू मज्जातज्ज्ञ. नाझी राजवटीमुळे १९३९ मध्ये त्यांनी देश सोडला आणि इंग्लंडला आसरा घेतला. १९४४ मध्ये त्यांच्याकडे युद्धात मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांचा विभाग सोपवण्यात आला. त्या काळी अशा रुग्णांना अंथरुणावर ठेवून दिले जाई. बेडसोअर आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने बहुतेक जण लवकरच दगावत. गुटमन यांनी दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलण्याची शिस्त लावली, संसर्ग रोखला आणि त्यांना उठून बसवले.

त्यापुढचे पाऊल होते खेळ. गुटमन यांच्या दृष्टीने खेळ हा करमणुकीचा नव्हे, उपचाराचा भाग होता. तिरंदाजीत धनुष्य ताणताना खांदे आणि पाठीचा वरचा भाग मजबूत होतो. पायांत बळ नसलेल्या माणसाला तोल सांभाळून ताठ बसण्यासाठी हेच स्नायू लागतात. २९ जुलै १९४८ रोजी लंडन ऑलिम्पिकचे उद्घाटन होत असताना गुटमन यांनी रुग्णालयाच्या आवारात १६ माजी सैनिक स्त्री-पुरुषांची तिरंदाजी स्पर्धा घेतली. पॅरालिम्पिकचे मूळ ते हेच.

बिकिलाच्या आयुष्याशी या खेळांचा आधीच एक अबोल संबंध होता. रोममध्ये तो १० सप्टेंबर १९६० ला जिंकला. आठच दिवसांनी, १८ सप्टेंबरला, त्याच शहरात गुटमन यांच्या पुढाकाराने भरवलेल्या स्पर्धा सुरू झाल्या. पुढे त्यांनाच पहिले पॅरालिम्पिक मानले गेले. टोक्योतही त्याच्या विजयानंतर तीन आठवड्यांच्या आत व्हीलचेअरवरचे खेळाडू उतरले. ज्या दोन शहरांनी त्याला धावताना पाहिले, त्याच शहरांत त्याच्या पुढच्या आयुष्याची वाट आखली जात होती.

तो पुन्हा स्पर्धेत कसा आला?

हातांत थोडे बळ आल्यावर बिकिलाने तिरंदाजीचा सराव सुरू केला. जुलै १९७० मध्ये तो स्टोक मँडेव्हिल स्पर्धांमध्ये तिरंदाजी आणि टेबल टेनिस या खेळांत उतरला. इथे तो विजेता नव्हता. मॅरेथॉनमधल्या सर्वोच्च शिखरावर पोहोचलेला माणूस नव्या खेळात नवखा म्हणून सुरुवात करत होता. नामवंत खेळाडूंना नेमके हेच सर्वांत जड जाते. दुखापतीनंतर अनेकांना मैदान सोडणे चालते, पण मैदानात मागच्या रांगेत उभे राहणे चालत नाही.

एप्रिल १९७१ मध्ये नॉर्वेतल्या अपंगांच्या क्रीडा स्पर्धांचे त्याला पाहुणा म्हणून निमंत्रण होते. तो नुसता पाहुणा राहिला नाही. तिरंदाजी आणि टेबल टेनिस खेळलाच, शिवाय कुत्र्यांनी ओढायच्या स्लेज गाडीच्या शर्यतीतही उतरला. बर्फातून जाणारी ही लांब पल्ल्याची शर्यत. १६ स्पर्धकांत तो पहिला आला. वेळ होती १ तास १६ मिनिटे १७ सेकंद.

धनुष्य आणि टेबल टेनिस हे एका जागी बसून खेळायचे खेळ होते. स्लेजच्या शर्यतीत मात्र पुन्हा रस्ता होता, समोरून येणारा वारा होता, तासाभराचा दम होता आणि शक्ती पुरवून वापरण्याचा हिशेब होता. मॅरेथॉनपटूला परिचित असलेले जवळजवळ सगळे काही त्यात होते, फक्त पाय नव्हते. अपघातानंतर दोन वर्षांनी, स्वतःच्या देशात बर्फ जवळपास न पाहिलेला हा माणूस नॉर्वेच्या बर्फात पुन्हा अंतर कापून जिंकला. अनवाणी रोमइतके हे चित्र प्रसिद्ध झाले नाही.

अखेरची वर्षे कशी होती?

१९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये बिकिला खास पाहुणा होता. व्हीलचेअरवरून तो आला तेव्हा प्रेक्षकांनी उभे राहून मानवंदना दिली. तिथली मॅरेथॉन अमेरिकेच्या फ्रँक शॉर्टरने जिंकली, मामो वोल्डे तिसरा आला. पदक मिळाल्यावर शॉर्टर बिकिलाकडे गेला आणि त्याचा हात हातात घेतला.

२५ ऑक्टोबर १९७३ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन बिकिलाचे निधन झाले. चार वर्षांपूर्वीच्या अपघाताचाच तो दूरगामी परिणाम होता. तो ४१ वर्षांचा होता. अदिस अबाबात अंत्ययात्रेला सुमारे ६५ हजार लोक आले. सम्राटाने राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला. मामो वोल्डे, मिरुत्स यिफ्टर, देरार्तू तुलू, हेले गेब्रसेलासी, केनेनिसा बेकेले ही इथिओपियाची पुढची परंपरा त्याच्यापासून सुरू होते. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकची पुरुष मॅरेथॉनही इथिओपियाच्याच तामिरात तोलाने जिंकली. रोमच्या विजयाला ५० वर्षे झाली तेव्हा, २०१० च्या रोम मॅरेथॉनमध्ये, विजेत्या सिराज गेनाने शेवटचे काहीशे मीटर बूट काढून अनवाणी धावून बिकिलाला आदरांजली वाहिली.

महाराष्ट्रात असे उदाहरण आहे का?

मराठी मुलखाला मॅरेथॉन जुनीच आहे. १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि १९ वे आले. दुखापतीनंतर नव्या वाटेने परतण्याचे सर्वांत ठळक मराठी उदाहरण मात्र सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर यांचे. ते सैन्यात होते आणि मुष्टियुद्ध खेळत. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचा भाग निकामी झाला. पुढे ते टेबल टेनिसकडे वळले, मग पोहण्याकडे. ऑगस्ट १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी भारताला पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक मिळवून दिले. त्याच महिन्याच्या अखेरीस, त्याच देशात, म्युनिकला बिकिला व्हीलचेअरवरून ऑलिम्पिक पाहत होता. दोघेही सैनिक, दोघांच्याही पायांतले बळ गेलेले आणि गुटमन यांच्या रुग्णालयातून निघालेली चळवळ दोघांनाही मैदानावर घेऊन आलेली.

दुखापतग्रस्त धावपटूने यातून काय घ्यावे?

बिकिलाच्या तीन दुखापतींना तीन वेगळी उत्तरे मिळाली. पहिलीत थोडी कळ काढून, हळूहळू सुरुवात करून पूर्वीसारखे धावता आले. दुसरीत जिद्द पुरली नाही, थांबावे लागले. तिसरीत धावणेच गेले आणि खेळ बदलावा लागला. तिन्ही वेळा इच्छाशक्ती तीच होती. त्यामुळे दुखापतीनंतर पहिला प्रश्न आपल्यात जिद्द किती आहे हा नसतो, दुखापत कोणत्या जातीची आहे हा असतो. त्याचे उत्तर तपासणीतून मिळते, मैदानावर दात-ओठ खाऊन मिळत नाही.

पुनरागमनाची पद्धत साधी आहे. आधी वेदनेशिवाय भरभर चालणे. मग चालणे आणि धावणे आलटून पालटून. मग मातीच्या मैदानावर सलग हलके धावणे. वेग सर्वांत शेवटी. या काळात पोहणे, सायकल, पोटाचे आणि मांड्यांचे व्यायाम दम टिकवून ठेवतात. घड्याळ काही आठवडे घरी ठेवले तर बरेच. भरतीसाठी धावताना धावणे ही केवळ गुणांची बेरीज होऊन बसते. दुखापतीनंतरच्या त्या संथ आठवड्यांत अनेकांना पहाटेची हवा, श्वासाची लय आणि पायाखालचा रस्ता पुन्हा भेटतो. भरती झाली किंवा नाही झाली, तरी हे धावणे त्यांच्याजवळ राहते.